चिमूटभर साखरेचा इतिहास

भोर आणि वेल्हे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर किल्ले उभे राहतात. तोरणा, राजगड, रोहिडा. (वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली, पण आमच्या पिढीच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) मीही शाळेत इतिहास शिकवताना किल्ल्यांपासूनच सुरुवात करायची. मुलांना लढाया आवडतात आणि बाईंनाही त्या रंगवून सांगायला आवडायच्या. पण आमच्या मुलखाच्या इतिहासात एक गोष्ट अशी आहे, की जी लढाईची नाही, दुधाची आहे.

१४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती नाजूक होती, बाळाला अंगावरचं दूध पुरेना. तेव्हा कापूरहोळच्या धाराऊ गाडे पाटील यांनी बाळराजांना दूध पाजलं. त्या त्यांच्या दूधआई झाल्या. पुढे ५ सप्टेंबर १६५९ ला सईबाई राजगडावर वारल्या. कापूरहोळ आजही पुणे-सातारा रस्त्यावर आहे. भोरला यायला गाडी तिथूनच वळते. त्या फाट्यावरून जाताना मला नेहमी वाटतं, की स्वराज्याच्या इतिहासात तलवारींच्या बरोबरीने एका माउलीच्या दुधाची नोंद राहिली, हे किती चांगलं झालं!

आज हे सगळं आठवण्याचं कारण घरातलं आहे. बरेच दिवस काही लिहिलं नाही म्हणून काही वाचकांनी विचारणा केली होती. तर सांगायची गोष्ट अशी, की आमच्या नातीला मुलगी झाली. म्हणजे मी पणजी झाले! पण बाळ घाईघाईने आलं, बत्तिसाव्या आठवड्यात. वजन दीड किलो. पुण्यातल्या एका दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. आता बाळ घरी आलं आहे, दूध पितं आहे, काळजी नसावी. पण त्या दिवसांत फोनवर फोन यायचे आणि प्रत्येक फोनमध्ये एक प्रश्न ठरलेला. "बाळाची साखर कमी झाली म्हणजे काय हो? एवढ्याशा जिवाला डायबेटीस?" आणि दोन दिवसांनी, "आता साखर वाढली म्हणे? काल तर कमी होती!"

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई. औषधशास्त्र मला कळत नाही. पण दवाखान्यातल्या डॉक्टर मुलीने समजावून सांगितलं, नातवाने वाचायला काही आणून दिलं, आणि जुनी सवय म्हणून मी वहीत टिपणं काढली. नातेवाइकांना एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहून टाकते.

आधी एक साधी गोष्ट. आपल्याकडे कणगीत भात भरून ठेवतात ना, तशी बाळाच्या यकृतातही साखरेची एक कणगी असते. आईच्या पोटात असताना बाळाला साखर वारेतून, नाळेवाटे सतत मिळत असते. त्यातली काही ते शेवटच्या तीन महिन्यांत यकृतात साठवतं. अंगावर चरबीही त्याच काळात चढते. नाळ कापली की बाहेरून येणारी साखर त्या क्षणी बंद. आईचं दूध नीट सुरू होईपर्यंत पूर्ण दिवसांचं बाळ या कणगीवर निभावून नेतं. पण जे बाळ बत्तिसाव्या आठवड्यात आलं, त्याची कणगी भरायलाच वेळ मिळाला नाही. सुगीच्या आधीच घर सोडून निघावं, तसं.

मी गणित करून पाहिलं. दीड किलोच्या बाळाच्या अंगात रक्त किती? साधारण १३० मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक कप. त्या रक्तात, साखर ५० मिलिग्रॅम असं रिपोर्टमध्ये येतं तेव्हा, एकूण साखर असते ६५ मिलिग्रॅम. चिमूटभरसुद्धा नाही, चिमटीला चिकटून राहतील एवढे दाणे! आणि एवढ्या बाळाला मिनिटाला ९ ते १२ मिलिग्रॅम साखर लागते, कारण त्याचा मेंदू अंगाच्या मानाने मोठा असतो आणि मेंदूचं मुख्य अन्न साखर. म्हणजे पुरवठा थांबला तर रक्तातली साखर पाच-सात मिनिटांची शिदोरी. दिवसाचा हिशेब केला तर तीन-चार चहाचे चमचे होतात, पण ते थेंबाथेंबाने, रात्रंदिवस मिळायला हवेत. म्हणून त्या बाळांना सलाईनमधून मोजून साखर देतात आणि टाचेला टोचून पुन्हा पुन्हा तपासतात. टोचताना बघवत नाही, पण कारण हे आहे. साखर ४५ च्या आसपासच्या रेघेखाली गेली की डॉक्टर सावध होतात. बाळ थरथरतं, निळसर पडतं, मलूल होतं, झटके येतात. आणि कधी कधी वरून काहीच दिसत नाही, हे तर जास्त भयंकर.

मग साखर वाढते कशी? इन्सुलिन हे साखरेला रक्तातून पेशींत नेणारं द्रव्य. आईचं इन्सुलिन वारेतून बाळाकडे जात नाही. साखर जाते, इन्सुलिन नाही. बाळाला स्वतःचं स्वतःच तयार करावं लागतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं हे खातं अजून नवशिकं असतं. सलाईनमधून साखर येत असली तरी यकृत आपलं साखर करणं थांबवत नाही, इन्सुलिन वेळेवर पुरेसं येत नाही, आणि साखर ठेवून घ्यायला अंगावर मांस-चरबीही नसते. त्यातून आजारपणाचा ताण. म्हणून काल कमी, आज जास्त. हा मोठ्या माणसांचा डायबेटीस नव्हे. बाळ मोठं होत गेलं की बहुतेक वेळा हे आपोआप ताळ्यावर येतं.

आता इतिहासाकडे वळते, कारण मला खरं सांगायचं आहे ते तिथे आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा हिर्डोशी खोऱ्यात, वेळवंड खोऱ्यात, तिकडे वेल्ह्याच्या केळद-पासलीच्या बाजूला बाळंतपणं घरीच व्हायची. सुईण असायची. पावसाळ्यात ओढे-नाले भरले की तालुक्याला येणंही अवघड. "सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही," असं बायका ठामपणे म्हणायच्या. ही समजूत फक्त आपलीच असं मला वाटायचं. पण प्राचीन ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रंथांतही आठव्या महिन्याचं मूल जगत नाही असं लिहिलेलं आहे! प्रत्यक्षात आठव्या महिन्याचं बाळ सातव्याच्या बाळापेक्षा सक्षम असतं, कारण त्याची कणगी थोडी जास्त भरलेली असते.

लहानखुरं बाळ झालं की सुईण त्याला कापसात गुंडाळून शेगडीजवळ ठेवायची. ऊब हवी हे तिला कळत होतं. गारठलेलं बाळ अंग गरम ठेवायला साखर जाळतं, हे विज्ञान तिला माहीत नव्हतं, पण गारठलं की बाळ जातं हे तिने पाहिलेलं होतं. शेगडीचा धूर मात्र वाईट. आणि एक गोष्ट आणखी वाईट, ती म्हणजे आईचा चीक. पहिल्या दोन-तीन दिवसांचं ते पिवळसर दूध "जड असतं, बाधतं" म्हणून पिळून टाकायचे. बाळाला मध किंवा गुळाचं पाणी बोटाने चाटवायचे. ज्या बाळाच्या कणगीत काही नाही, त्याला नेमके तेच दोन-तीन दिवस उपास. मग बाळ थंड पडायचं, झटके यायचे, आणि लोक म्हणायचे बाहेरची बाधा झाली, सटवाईने नेलं. त्यातल्या किती बाळांची साखर घसरली असेल, आज कोण सांगणार?

हे वाचून तरुण मंडळी म्हणतील, अडाणी होते लोक. थांबा. पुढचं वाचा.

१९४० ते १९६० च्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेतल्या नामांकित दवाखान्यांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पहिला दिवस, कधी दोन-तीन दिवससुद्धा, काहीच पाजत नसत. दूध श्वासनळीत जाईल अशी डॉक्टरांना भीती होती. म्हणजे चकचकीत वॉर्डात, काचेच्या पेटीत, शिकलेल्या नर्सच्या देखरेखीखाली बाळ उपाशीच! नवजात बाळाची साखर घसरते हे १९३७ मध्ये हार्टमन आणि जॉडन या अमेरिकन डॉक्टरांनी नोंदवलं होतं. १९५९ मध्ये कॉर्नब्लाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बाळांची लक्षणं नीट मांडली. आणि १९६४ मध्ये ऑक्सफर्डच्या व्हिक्टोरिया स्मॉलपीस आणि पामेला डेव्हिस या दोन डॉक्टर बायकांनी लिहिलं, की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जन्मानंतर लगेच, पाणी न घालता, आईचं दूध द्या. तसं दिल्यावर साखर घसरणं कमी झालं, कावीळही कमी झाली.

म्हणजे बघा, १९६४ पर्यंत कानद खोऱ्यातली सुईण आणि लंडनचा डॉक्टर एकच गोष्ट करत होते. कारणं वेगळी, उपास तोच. फरक एवढाच, की तिकडे कोणीतरी मोजून पाहिलं, लिहून ठेवलं, आणि पद्धत बदलली. आमच्या सुईणीकडे मोजायला काही नव्हतं. तिला अडाणी म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही.

गोड बोटाची गोष्टही गमतीची आहे. २०१३ मध्ये न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टन इथल्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साखर घसरलेल्या नवजात बाळांच्या गालाच्या आतल्या बाजूला साखरेचा मोजलेला लेप चोळायचा, किलोमागे २०० मिलिग्रॅम, आणि लगेच आईला पाजायला द्यायचं. पुष्कळ बाळं तेवढ्यावर सावरली, आईपासून दूर न्यावी लागली नाहीत. ही बाळं पस्तीस आठवड्यांच्या पुढची होती, आमच्या पणतीएवढी लहान नव्हेत. वाचून मला आजीचं मधाचं बोटच आठवलं! पण फरक नीट लक्षात घ्या. तो लेप निर्जंतुक, मोजलेला, रक्त तपासून दिलेला, आणि दुधाच्या जोडीला. दुधाच्या ऐवजी नव्हे. मधातून तर लहान बाळाला भयंकर विषबाधा होऊ शकते, म्हणून वर्षाच्या आत मध अजिबात नाही. फोन करणाऱ्या आमच्या सगळ्या काकू-मावश्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आणि ज्या आईला दूध येत नाही, तिचं काय? तिथे मला धाराऊ आठवते. १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्ध पेढी सुरू केली, आशियातली पहिली. एका आईचं जास्तीचं दूध तपासून, निर्जंतुक करून दुसऱ्या आईच्या कमी दिवसांच्या बाळाला द्यायचं. कापूरहोळच्या पाटलीणबाईंनी १६५७ मध्ये जे केलं, तेच हे. शास्त्र नवं, माया जुनी.

आता पुण्याची गोष्ट सांगते, कारण जगाला या विषयात बरंच काही पुण्याने शिकवलं आहे, आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही.

रास्ता पेठेतलं के.ई.एम. हॉस्पिटल १९१२ सालचं. डॉ. बानू कोयाजी तिथे १९४४ मध्ये आल्या. १९७७ पासून त्यांनी शिरूर तालुक्यातल्या वढूला ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. याच हॉस्पिटलमध्ये १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोच्या आतल्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी, डॉ. आनंद पंडित यांच्या चमूने पाठपुरावा केला. एक-दोन वर्षं नव्हे, ती मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत! मला शिक्षिका म्हणून याचं फार कौतुक वाटतं. बाळ वाचवलं, घरी पाठवलं, काम संपलं असं त्यांनी मानलं नाही. ते शाळेत कसं शिकतं, गणितात मागे पडतं का, हे बारा वर्षांनीसुद्धा पाहिलं.

तिथेच डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचं काम करत होते. त्यांना एक कोडं पडलं होतं. इंग्रजी पुस्तकांत मधुमेही म्हणजे लठ्ठ आणि वयस्कर. पुण्यात येणारे रुग्ण तर तरुण आणि काटकुळे! त्याच सुमारास इंग्लंडमध्ये डॉ. डेव्हिड बार्कर म्हणत होते, की जन्मताना वजन कमी असलेल्यांना पुढे हृदयविकार आणि मधुमेह जास्त होतो. त्यांचा आधार होता हर्टफर्डशायरमधल्या सुईणींनी १९११ पासून लिहून ठेवलेल्या जुन्या वह्या. बाळाचं वजन, दूध कसं पितं, वर्षाचं झाल्यावर वजन किती. वह्या नीट ठेवण्याचं महत्त्व मी मुलांना तीस वर्षं सांगत आले, त्याचा याहून मोठा पुरावा कुठला!

याज्ञिक आणि इंग्लंडच्या डॉ. कॅरोलाइन फॉल यांनी के.ई.एम.मध्ये जन्मलेल्या ३७९ मुलांना चौथ्या वर्षी पुन्हा बोलावलं. उपाशीपोटी रक्त घेतलं, ग्लुकोज पाजलं, अर्ध्या तासाने पुन्हा घेतलं. १९९५ मध्ये निष्कर्ष छापून आले. यातली जी मुलं जन्मानंतर नेहमीच्या वॉर्डात आईजवळ होती, त्यांच्यात ज्यांचं जन्मवजन कमी, त्यांची साखर आणि इन्सुलिन दोन्ही जास्त. आणि हे पोटातले दिवस किती भरले होते ते हिशेबात धरूनसुद्धा. चार वर्षांची मुलं, विचार करा! १९९९ मध्ये तीच आणि आणखी काही मुलं आठ वर्षांची झाल्यावर, एकूण ४७७ मुलांचा अभ्यास आला. सगळ्यात जास्त धोका कोणाला? जन्मताना लहान आणि आठव्या वर्षी जाडजूड असलेल्यांना.

१९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत आणखी मोठं काम सुरू झालं. ती गावं आपल्या भोर-वेल्ह्याची नव्हेत, शिरूरकडची, बाजरी-ज्वारीची. पण बाया त्याच. सरासरी वजन ४२ किलो, दिवसभर शेतात आणि पाण्याच्या हंड्याखाली. त्यांची पूर्ण दिवसांची बाळं सरासरी पावणेतीन किलोच्याही आत भरली. इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली साडेतीन किलोची. पण २००३ मध्ये जे छापून आलं त्याने सगळे चकित झाले. आपली बाळं बारीक होती, दंड-पोटऱ्या बारीक, पोटातले अवयव लहान, पण पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ इंग्रज बाळांएवढी! त्याच्या आधी २००२ मध्ये पुणे आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं होतं. पुण्याच्या बाळांत इन्सुलिन जास्त. म्हणजे दिसायला रोडकं, आतून चरबीदार. यावर याज्ञिकांनी २००४ मध्ये स्वतःचाच फोटो मासिकात छापला, जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांबरोबर. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचा सारखाच, २२.३. पण चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्यावरच विनोद करून शास्त्र समजावणारा माणूस मला आवडतो.

याचा आमच्या पणतीशी काय संबंध? आहे. ती बाळं पूर्ण दिवसांची होती, हे खरं. पण २००४ मध्ये न्यूझीलंडच्याच डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांत जन्मलेल्या चार ते दहा वर्षांच्या मुलांची तपासणी केली. वेळेआधी जन्मलेल्या मुलांच्या अंगात इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो असं दिसलं, मग दिवसांच्या मानाने वजन बरोबर असो वा कमी. म्हणजे ज्या बाळाची साखर पहिल्या दिवशी घसरते म्हणून आपण घाबरतो, त्याच बाळाची साखर पुढे वाढू नये म्हणूनही जपायचं असतं. नियतीचा खेळ म्हणायचा!

आणि हे नुसतं इन्सुलिन टोचून सुटत नाही. इन्सुलिन १९२१ मध्ये टोरांटोला सापडलं, जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला दिलं गेलं, आणि लाखो जीव वाचले. मग चिमुकल्या बाळांना आधीच दिलं तर साखर वाढणारच नाही, असं डॉक्टरांना वाटणं साहजिक होतं. केंब्रिजच्या डॉक्टरांनी ३८९ बाळांवर ते करून पाहिलं. २००८ मध्ये उत्तर आलं. साखर कमी वाढली, पण घसरण्याचे प्रसंग वाढले, आणि बाळांना एकूण फायदा झाला नाही. पाच मिनिटांच्या शिदोरीशी फार खेळता येत नाही.

आपल्याकडे पाचवी पूजतात, सहाव्या रात्री सटवीपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. ती येऊन बाळाच्या कपाळी भविष्य लिहून जाते म्हणे. मी हे सगळं वाचल्यावर मनात आलं, सटवाई यायच्या आधीच बरंच लिहून झालेलं असतं. आईच्या ताटात काय होतं, तिने ओझी किती उचलली, यावर. पुण्याच्या आघारकर संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी त्याच सहा गावांत हे पाहिलं. गरोदरपणात ज्या बायकांना हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा मिळालं, त्यांची बाळं मोठी भरली. ज्यांना अंगमेहनत फार पडली, त्यांची लहान. त्या गावांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश गरोदर बायांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. आणि २००८ मध्ये दिसलं, की आईच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल, तर सहाव्या वर्षी मुलाच्या अंगात इन्सुलिन नीट काम करत नाही. बी-१२ मिळतं दूध-दही, अंडी, मटण, मासळीतून.

आता आपल्याकडचं बघा. आषाढात भातलावणी. दिवस गेलेल्या बायका पाठ वाकवून, गुडघाभर चिखलात सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मी शाळेच्या खिडकीतून पाहिलेल्या आहेत. दूध असलं तर डेअरीला किंवा पोरांना. बाईच्या वाट्याला कोरा चहा. माझ्या वर्गातल्या बारक्या चणीच्या मुलांतला एकजण मागे भेटला. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, हात-पाय काडीसारखे, पोट तेवढं पुढे. "बाई, शुगर निघाली," म्हणाला. मुंबईला जाऊन बिघडला असं घरचे म्हणतात. मला वाटलं, याचा धडा कदाचित लावणीच्या त्या चिखलात सुरू झाला असेल. एका माणसाबद्दल असं खात्रीने म्हणता येत नाही, पण हजारोंच्या मोजमापातून डॉक्टर तेच सांगतात.

निराश होऊ नका, बदल पुष्कळ झाला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, आणि १९९९ मध्ये जगाला दाखवलं, की नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी होतात. २००५ नंतर गावोगाव आशाताई आल्या. २०११ पासून त्या बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात, बाळाचं वजन करतात, अंगाला हात लावून ऊब बघतात, पाजणं बघतात. २०१४ पासून १०८ ची गाडी आहे. आणि कांगारू पद्धत! १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात पेट्या कमी पडल्या, म्हणून डॉ. एडगर रे यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर बांधलं. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या ३,२११ बाळांच्या अभ्यासात दिसलं, की जन्मल्यावर लगेच असं केलं तर मृत्यू चौथ्या हिश्शाने कमी होतात. ऊब तीच, धूर नाही, आणि दूध तोंडाशी.

आमची नात तशीच बसायची, तासन् तास. शर्टाच्या आत चिमुकलं डोकं. नातजावईही बसला, बरं का! त्याच्या आजोबांनी हे पाहिलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे.

तर मंडळी, नातेवाइकांना माझं सांगणं एवढंच. पहिल्या दिवसांत बाळाची साखर सांभाळतं ते आईचं दूध, ऊब आणि डॉक्टरांचं मोजमाप. मध-गूळ नव्हे. पुढच्या वर्षांत ती सांभाळायची तर बाळ लवकर गुटगुटीत व्हावं म्हणून डबाबंद पावडरी, बिस्किटं, तूप-साखर यांचा मारा करू नका. त्याला वाढायचं आहेच, मेंदूला आणि हाडामांसाला अन्न हवंच, पण ते डॉक्टरांच्या तक्त्याप्रमाणे, सावकाश. "अगंबाई, किती बारीक!" असं आईसमोर म्हणू नका. ती आधीच घाबरलेली असते. आणि घरात कोणी पोटुशी असेल तर दुधाचा पेला आधी तिला. लावणी दुसऱ्या कोणीतरी करावी. पणतीची जन्मपत्रिका मागणाऱ्यांनाही मी हेच सांगितलं, की पत्रिका सावकाश करू, आधी तिच्या वजनाची वही नीट ठेवा.

तुमच्या घरात, गावात अशी सातव्या-आठव्या महिन्याची बाळं वाढली असतील. त्यांना कसं जपलं, जुन्या बायका काय सांगायच्या, ते जरूर कळवा. राजांचा इतिहास लिहायला पुष्कळ लोक आहेत. हा आपल्यालाच लिहायला हवा.